एक मिनिट काहीच नाही

सांगलीत पॉडकास्टचं पेव फुटलंय
असं कुणी म्हणालं की हरिपूरचा अमोघ हसतो.
त्यांच्या मळ्यात खरंच एक पेव आहे, हळदीचं, आता बुजलेलं.
उतरायच्या आधी आत हाक मारायचे, सांगतो,
हाक कशी परत येते त्यावरून कळायचं
किती हळद उरलीय.
खरं की त्यानं रचलेलं, कुणी विचारत नाही.
सांगतो छान.

आम्ही जमतो गादी कारखान्यात,
महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मार्केट यार्डाच्या मागे.
इलाही नदाफ शटर अर्धं खाली ओढतात
आणि छतापर्यंत रचलेल्या गाद्या
गावाचा सगळा गलका पिऊन टाकतात.
टाळी वाजवून बघा, म्हणाले होते पहिल्यांदा.
वाजवली.
जागच्या जागी मेली.
भाडं एवढंच, निघताना प्रत्येकानं एक उशी भरून द्यायची.

मिरजेहून सिस्टर रोहिणी आवळे येते.
रात्रपाळीत जिन्यात बसून कुजबुजत रेकॉर्ड करते,
ऐकणारे सत्तर,
त्यातले चाळीस पहाटे तीनला जागे असतात.
यार्डातला एक मुनीम येतो.
रुमालाखालच्या सौद्यात नुसती बोटं, एक शब्द नाही,
त्यावर ह्याचे अठ्ठावीस भाग झाले.
एकदा एक पोरगं तंबोऱ्याचा भोपळा घेऊन आलं,
पोटात माईक ठेवला, म्हणालं, बोला.
बोललो. सगळेच जरा म्हातारे ऐकू आलो.

आणि मगदूम अण्णा.
एकतीस वर्षं एसटी स्टँडवर, चौकशीच्या काचेमागे.
विटा, मायणी, दहिवडीमार्गे फलटणकडे जाणारी गाडी.
अख्खा जिल्हा ह्या आवाजावर उठला, पळाला, परत बसला.
मीसुद्धा, कॉलेजची तीन वर्षं, तासगावच्या गाडीसाठी.
मुलगी बघायला गेले तेव्हा ती म्हणाली म्हणे,
तुम्हीच ना ते, गाडी उशिरा येणारे?
आमच्यात ते माईकपुढे कधी बसले नाहीत.
"माझं सांगून झालंय."
कोपऱ्यात, कापसाच्या पोत्यावर, चहा बशीत ओतून.

शेवटी आमची एक रीत आहे.
एक मिनिट कुणी बोलायचं नाही.
खोली रेकॉर्ड करायची, नुसती.
कापाकापीत दोन वाक्यांमध्ये फटी पडतात,
त्या बुजवायला लागतं हे,
काहीच नाही,
पण ह्याच खोलीतलं काहीच नाही.

ते साफ करायचं काम माझ्याकडे.
शटरची थरथर, रोहिणीचं उपाशी पोट,
आणि दर वेळी डावीकडून एक बारीक शीळ,
श्वास आत जाताना.
अण्णांचा दमा.
मी निवडायची, पुसायची. निवडायची, पुसायची.
शेवटी सॉफ्टवेअरलाच शिकवून ठेवलं,
ही दिसली की काढ.
अकरा महिने, कसं निर्मळ.

श्रावणात अण्णा आले नाहीत. भाद्रपदातही.
मग कळलं, तेही नातवाच्या स्टेटसवरून.
फोटोतला माणूस कुणी दुसराच, गप्प.

ह्या रविवारी इलाहीभाई म्हणाले,
अण्णांचं काही असेल तर लावा की.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
एकतीस वर्षं बोललेल्या माणसाचा
माझ्याकडे एक शब्द नाही.
स्टँडवर आता यंत्रातली बाई बोलते.

रात्री शोधत बसले.
आषाढातली एक फाईल निघाली, नाव: रफ, टाकायची.
लाइट गेली होती त्या दिवशी, साफ करायची राहिलेली.

हेडफोन लावला.
गाद्या. गाद्या.
डाव्या कानात
गाडी लागते, सुटते, लागते.
छप्पन्नाव्या सेकंदाला अण्णा घसा खाकरतात,
काचेमागे माईक चालू करताना खाकरायचे तसा,
आणि तिथंच फाईल संपते.

तेवीस वेळा ऐकलं.
दर वेळी मी
पिशवी उचलून उभी राहते.